नटांचे शिक्षक : कै. गोविंद बल्लाळ देवल

सुरतेतील आपल्या मराठी कुटुंबांतील मुलांनी गणेशोत्सवात देवळाच्या सभामंडपात एखादे नाटक बसवावे, हा आपला नेहमीचा परिपाठ आहे. गतवर्षी आम्हीही त्यात एक लहानशी भूमिका केली. भाषणे तोंडपाठ होती, अडखळलो कोठेच नाही. तरीही प्रयोगानंतर एका वृद्ध आजींनी सांगितले की, शब्द ऐकू आले, पण बोलणे कळले नाही. ते मनास फार लागले. पाठांतर म्हणजे अभिनय नव्हे, हे ज्यांनी मराठी नटांस शिकविले, त्या गोविंदराव देवलांचे चरित्र आम्ही त्यानंतर वाचले. तेच आज वाचकांपुढे थोडक्यात ठेवीत आहोत.

गोविंदरावांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ रोजी झाला. सांगलीनजीक कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावर वसलेल्या हरिपूर गावी त्यांचे बालपण गेले. शिक्षण बेळगावात झाले व पुढे तेथेच त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. बेळगावातच त्यांना अण्णासाहेब किर्लोस्करांचा सहवास लाभला. अण्णासाहेबांनी १८८० साली पुण्यास संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणले, आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले. गोविंदराव त्या मंडळीत ओढले गेले. नाटकवाल्यांस समाजात मान नसलेला तो काळ. शिकल्यासवरल्या गृहस्थाने या व्यवसायात पडणे आप्तेष्टांस रुचण्याजोगे नव्हते. तरी त्यांनी तो मार्ग सोडला नाही.

१८८५ मध्ये अण्णासाहेब निवर्तले. त्यानंतर मंडळीतील नटांस घडविण्याचा फार मोठा भार गोविंदरावांवर पडला. त्या काळी अभिनयाची शाळा अशी नव्हतीच. नाटक मंडळीचे बिऱ्हाड हीच शाळा आणि तालीम हाच अभ्यास. प्रत्येक नटास त्याच्या भाषणांची नक्कल उतरवून मिळे. ती पाठ झाली की सामान्य नटास आपले काम संपले असे वाटे. गोविंदरावांचे काम तेथून सुरू होई. वाक्याचा अर्थ काय, भार कोणत्या शब्दावर द्यावा, कोठे थांबावे, समोरचा बोलत असता आपला चेहरा कसा असावा, हे सारे ते शिकवीत. पद हे मैफलीचे गाणे नसून पात्राच्या बोलण्याचाच पुढला भाग आहे, ही जाण त्यांच्या स्वतःच्या नाटकांतील साध्या, सरळ पदांवरून आजही येते.

आमच्या वडिलांनी आम्हांस मंत्र शिकविताना एकेक उच्चार शंभरदा घोकून घेतला आणि मागाहून अर्थ विचारला. अर्थ सांगता आला नाही, तर पाठ पुन्हा पहिल्यापासून! गोविंदरावांची तालीम वाचताना आम्हांस त्या पहाटेच्या पाठाचीच आठवण झाली.

बडोद्याहून आलेले भाऊराव कोल्हटकर हे किर्लोस्कर मंडळीचे भूषण होते. १९०१ मध्ये ते वारले आणि मंडळीत मोठी पोकळी निर्माण झाली. १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस हा तरुण मंडळीत आला आणि शकुंतलेच्या भूमिकेत उभा राहिला. हेच बालगंधर्व. गळा दैवी खरा. पण स्त्रीभूमिकेतील बोलणे, चालणे, लाजणे व रुसणे हे दैवाने आयते मिळत नाही. ते गोविंदरावांनी त्यांच्याकडून करवून घेतले. गणपतराव बोडसांसारखे नटही त्यांच्याच हाताखाली तयार झाले.

नाटककार म्हणूनही त्यांची योग्यता मोठी. शेक्सपियरच्या ऑथेल्लोवरून त्यांनी झुंजारराव रचले. १८९९ साली इंदूर येथे संगीत शारदा रंगभूमीवर आले. पैशाच्या लोभाने कोवळी मुलगी म्हाताऱ्यास देऊ पाहणारा तिचा बाप कांचनभट हा भिक्षुकच आहे. आम्ही पुजाऱ्याचे चिरंजीव. ते पात्र वाचताना प्रथम अंगावर काटा आला. परंतु त्यात धर्माची निंदा नाही, धर्माच्या नावाखाली चाललेल्या लोभाची आहे, हे ध्यानी येताच नाटककाराविषयी आदरच वाढला. मुलींच्या विवाहास किमान १४ वर्षांची मर्यादा घालणारा कायदा १९२९ मध्ये झाला, त्याच्या तीस वर्षे आधीचे हे नाटक!

१४ जून १९१६ रोजी गोविंदरावांचे देहावसान झाले. त्यांचे संगीत संशयकल्लोळ त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. ते पाहण्यास मात्र ते नव्हते. शिष्यांची नावे घरोघर झाली. शिकविणारा पडद्यामागे राहिला, आणि त्याची त्यास खंत होती असे त्यांच्या कार्यावरून तरी दिसत नाही.

यंदा उत्सवाच्या तालमी सुरू होतील, तेव्हा आपल्या मुलांस आम्ही प्रथम पाठांतर नव्हे, अर्थ विचारणार आहोत. त्या आजींसाठी पहिल्या रांगेतील जागा राखून ठेवावी, अशी मंडळाच्या चालकांस आमची नम्र विनंती आहे.