गो यु-सॉप

गो यु-सॉप (२ फेब्रुवारी, १९०५ - २६ जून, १९४४) हे कोरियन कला-इतिहासकार होते. कोरियातील बुनचॉंग या मृत्पात्र-प्रकाराचे आज रूढ असलेले नाव त्यांनी दिले.

जीवन
गो यांचा जन्म इंचॉन येथे झाला. १९१० साली कोरिया जपानच्या ताब्यात गेला; त्यामुळे त्यांचे शिक्षण व कार्य जपानी राजवटीतच झाले. सोलमधील केइजो शाही विद्यापीठातून त्यांनी सौंदर्यशास्त्र व कला-इतिहास या विषयांत १९३० साली पदवी घेतली. १९३३ साली ते केसोंग येथील संग्रहालयाचे प्रमुख झाले व अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. केसोंग ही गोर्यो राजवटीची जुनी राजधानी होती. वयाच्या ३९ व्या वर्षी, कोरिया स्वतंत्र होण्याच्या सुमारे एक वर्ष आधी, त्यांचे निधन झाले.

बुनचॉंगचे नामकरण
पंधराव्या व सोळाव्या शतकांत जोसॉन राजवटीत करड्या मातीवर पांढऱ्या मातीचा लेप देऊन, त्यावर पारदर्शक झिलई चढवून स्टोनवेअर प्रकारची भांडी घडवली जात. पांढऱ्या पोर्सेलीनचा प्रसार झाल्यावर ती मागे पडली. जपानमधील चहाशौकिनांनी त्यांना 'मिशिमा' म्हटले. भांड्यांवरील बारीक ठशांच्या ओळी मिशिमा येथील देवस्थानाच्या पंचांगातील अक्षरांसारख्या दिसतात, यावरून हे नाव पडले असे मानले जाते. या नावातून भांड्यांच्या घडणीचा किंवा मूळ देशाचा बोध होत नसे. गो यांनी 'बुनजांग होचॉंग सागी', म्हणजे पांढऱ्या लेपाने सजवलेली करड्या-निळसर रंगाची भांडी, अशी संज्ञा योजली. 'बुनचॉंग' हे तिचेच संक्षिप्त रूप होय.

या भांड्यांच्या सजावटीच्या प्रमुख पद्धती पुढीलप्रमाणे आहेत:
* सांगगाम : कोरलेल्या खाचांत वेगळ्या रंगाची माती भरणे. ही पद्धत गोर्यो काळातील सेलाडॉन भांड्यांपासून चालत आली.
* इन्ह्वा : ठसे उमटवून त्यांत पांढरी माती भरणे.
* बाकजी : नक्षीभोवतीचा लेप खरवडून काढणे.
* चॉल्ह्वा : लोहयुक्त रंगाने चित्र काढणे.
* ग्वीयाल : जाड कुंचल्याने लेप फिरवणे.
* दमबॉंग : भांडे लेपात बुडवणे.

अन्य कार्य व वारसा
सेलाडॉनवरील त्यांचे जपानी पुस्तक १९३९ साली प्रसिद्ध झाले. कोरियातील दगडी पॅगोडांच्या विकासक्रमावरील त्यांचा ग्रंथ निधनानंतर, १९४८ साली प्रकाशित झाला. केसोंग येथे त्यांचे मार्गदर्शन लाभलेले ह्वांग सु-यंग व चोए सुनु हे दोघे पुढे कोरियाच्या राष्ट्रीय संग्रहालयाचे संचालक झाले.