मेक्सिकोच्या शेतातील मराठी गुरुजी

घरापासून दूर राहणाऱ्या आम्हां मंडळींना डॉ. पांडुरंग खानखोजे यांचे चरित्र विशेष जवळचे वाटते. वर्ध्याचा हा तरुण परकी सत्ता उलथून टाकण्याच्या ध्यासाने अमेरिकेस गेला. तेथे शेतकीचे शिक्षण घेत असतानाच तो १९१३ च्या गदर चळवळीत शिरला आणि पहिल्या महायुद्धात इराणच्या भूमीवर इंग्रजांविरुद्ध लढला. तो उठाव फसला, मायदेशाची वाट बंद झाली. १९२४ मध्ये खानखोजे मेक्सिकोस पोहोचले.

तेथे क्रांतीनंतर जमिनीचे वाटप चालू होते. पण नुसती जमीन हाती येऊन काय होणार? बियाणे कोणते निवडावे, मातीचा कस कसा राखावा, हे त्या गरीब कुळांस कोणी सांगितलेच नव्हते. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात खानखोजे शिकवीत आणि मक्याच्या सुधारित वाणांवर प्रयोग करीत. तेवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. शेतकऱ्यांसाठी त्यांनी मुक्त कृषिशाळा काढल्या आणि विद्यालयातील विद्या थेट खेड्यात नेली. चित्रकार दिएगो रिव्हेरा त्यांचे स्नेही. त्यांच्या एका भित्तिचित्रात मेजाच्या शिरोभागी बसून भाकरी मोडणारा पुरुष खानखोजेच, असे मानतात.

स्वातंत्र्यानंतर ते परतले, नागपुरास राहिले, पण तोवर उमेदीची वर्षे सरली होती. विदर्भाच्या शेतकऱ्यास हा गुरुजी ऐन भरात लाभला नाही, ही रुखरुख आम्हांला लागून राहते. २२ जानेवारी १९६७ रोजी ते निवर्तले. चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला तो २०२२ मध्ये.