नहपानाच्या चेहऱ्यावरचा शिक्का

इ. स. ७० मध्ये जेरुसलेम पडलं आणि रोमन सम्राट व्हेस्पासियनने यहूदिया रडत्या बाईच्या रूपात नाण्यावर बसवली. संग्राहक त्या नाण्यांवर जीव टाकतात. मला मात्र आपला गौतमीपुत्र सातकर्णी जास्त खिळवतो. क्षहरात नहपानाला हरवून त्याने नहपानाच्याच चांदीच्या नाण्यांवर आपला शिक्का ठोकला. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला १३ हजारांवर नाणी सापडली. त्यातली ९ हजारांहून जास्त अशी.

नहपानाच्या जावयाने, उषवदाताने, आमच्या सुरतेच्या तापीवर फुकट नावा ठेवल्या होत्या. नाशिकच्या लेण्यात तसं कोरलंय. त्याच डोंगरात, नातू पुळुमावीच्या १९व्या वर्षी, गौतमीपुत्राच्या आईने, बलश्रीने, लेकाचं वर्णन कोरवलं: क्षहरातांचा वंश खणून काढणारा, तरी अपराधी शत्रूचाही जीव घ्यायला नाखूष. आईच ती! पण काही नाण्यांवर शिक्क्याखालून नहपानाचा चेहरा अजून डोकावतो.