नागनिका

नागनिका (प्राकृत रूप : नायनिका) ही सातवाहन राजा पहिला सातकर्णी याची राणी होय. तिचा काळ सर्वसाधारणपणे इ.स.पूर्व पहिल्या शतकात धरला जातो. तिचे पिता त्रणकयिर हे ‘महारठी’ ही पदवी धारण करणारे बलाढ्य सरदार होते. तिला वेदिश्री व शक्तिश्री असे दोन पुत्र होते. सातकर्णीच्या निधनानंतर, पुत्र अल्पवयीन असल्याने, तिने राज्यकारभार पाहिला असे बहुतेक अभ्यासक मानतात.

तिच्याविषयीची माहिती मुख्यतः नाणेघाटातील लेण्यातून मिळते. कल्याण बंदरातून जुन्नरकडे जाणारा व्यापारी मार्ग या घाटाने सह्याद्री चढत असे. घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणात जकात जमा होई, असे मानले जाते. म्हणजे ज्या ठिकाणी प्रत्येक तांड्याला थांबणे भाग होते, तेथेच राजघराण्याचे पुतळे उभारले गेले. लेण्याच्या मागील भिंतीवर सिमुक सातवाहन, नागनिका व सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुश्री आणि कुमार सातवाहन यांच्या प्रतिमा नावांसह कोरलेल्या होत्या. राजवंशाच्या ओळीत राणीच्या पित्याला मिळालेले स्थान विशेष लक्षणीय आहे. बालराजाच्या पाठीशी आजोळचे बळ उभे आहे, हे त्यातून येणाऱ्याजाणाऱ्याला सहज कळत असावे.

दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतील दीर्घ प्राकृत लेख आहे. त्यात दोन अश्वमेध व राजसूय यांसह अनेक यज्ञांची आणि दक्षिणांची नोंद असून एकाच यज्ञात 1,700 गायी व 10 हत्ती दिल्याचे म्हटले आहे. हे आकडे अंकचिन्हांत कोरलेले असल्याने भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात या लेखाला मोठे महत्त्व आहे. राणीचे वर्णन मात्र महिनाभर उपवास करणारी, घरातच तपस्विनीसारखी राहणारी स्त्री असे येते. राजवैभव आणि वैधव्यातील व्रतस्थता यांची ही सांगड हेतुपूर्वक घातलेली दिसते.

याच सह्याद्रीत, राजमाचीच्या पायथ्याशी कर्जत तालुक्यात असलेल्या कोंढाणे येथील बौद्ध लेण्यात कण्हाचा शिष्य बलक या घडवणाऱ्याचे नाव कोरलेले आहे. नाणेघाटात शिल्पकाराचे नाव नाही. तेथे नावे आहेत ती केवळ राजकुळाची.

नाणेघाटातील पुतळे आज नष्ट झाले असून काही ठिकाणी पावलांचे अवशेष तेवढे उरले आहेत. त्यांच्या वर कोरलेली नावे मात्र वाचता आली आहेत.