स्वच्छ हवेचा हंगाम

गेल्या दिवाळीत पुण्याचा भाचा दवनीवाड्याला आला तो आफ्रिकेचा नकाशा घेऊनच. त्याला किलिमांजारो चढायचा आहे. ५,८९५ मीटर उंची, थंडी, विरळ हवा हे सगळे ऐकून माझ्या बहिणीचा चेहरा उतरला. मी मात्र एकच गोष्ट विचारली, कोणत्या महिन्यात? म्हणाला, पुढच्या नोव्हेंबरात, कारण तेव्हा रजा साठलेली असते. टांझानियात नोव्हेंबर म्हणजे छोट्या पावसाचा महिना. डोंगर चढण्याजोगे दिवस जानेवारी-फेब्रुवारीत, नाहीतर जून ते ऑक्टोबर. मार्च ते मे हा तर तिथला मोठा पाऊस.

महिना आधी विचारायची ही खोड बँकेतली. आमच्या धानाच्या मुलखात रोवणी आटोपल्यावर मंजूर झालेले पीककर्ज शेतकऱ्याच्या काय कामाचे? रक्कम बरोबर, कागद बरोबर, सही बरोबर. चुकलेला असतो फक्त महिना.

भाच्याचे पुढचे स्वप्न अर्थातच एव्हरेस्ट. तेव्हा मी त्याला ज्या माणसाचे नाव त्या शिखराला मिळाले त्याची गोष्ट सांगायला बसलो. जॉर्ज एव्हरेस्ट शिखरावर कधी चढला नाही, त्याने ते कधी पाहिलेही नाही. तो स्वतःचे आडनाव ईव्ह-रेस्ट असे उच्चारीत असे, म्हणजे आपण सगळे त्याचे नावसुद्धा चुकीचे घेतो. पण योग्य काम चुकीच्या महिन्यात केले तर काय होते, हे त्याच्याइतके महागात फार थोड्यांनी शिकले असेल.

त्याचा जन्म १७९० चा. सोळाव्या वर्षी तो कंपनीच्या बंगाल तोफखान्यात दाखल होऊन हिंदुस्थानात आला. पुढे जावा बेटाच्या मोजणीत त्याने नाव मिळवले आणि १८१८ च्या अखेरीस हैदराबादेला विल्यम लॅम्टनच्या हाताखाली रुजू झाला. लॅम्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ एक रेषा मोजून हिंदुस्थानच्या मोजणीला प्रारंभ केला होता. पद्धत सांगायला सोपी आहे. एक रेषा काटेकोर मोजायची, तिच्या दोन्ही टोकांवरून तिसरा डोंगर पाहायचा, कोन घ्यायचे, त्रिकोण पुरा करायचा आणि त्याच्या बाजूवर पुढचा त्रिकोण उभारायचा. कोन घेणारे यंत्र, थिओडोलाइट, अर्ध्या टनाचे. ते माणसांनी डोंगरावर चढवायचे आणि मग वाट पाहायची. कशाची? तर समोरचा डोंगर दिसण्याची.

सगळी मेख इथेच होती. उन्हाळ्यात आपल्याकडची हवा धुळीने गढूळ होते, पंधरा-वीस कोसांवरचा झेंडा कुठला दिसायला! पाऊस पडून गेला की धूळ बसते आणि उघाड मिळाली की डोंगर हात लावावा इतका जवळ भासतो. दवनीवाड्यात गच्चीवर उभे राहून हा अनुभव कोणीही घ्यावा. म्हणून लॅम्टनची माणसे पावसाळ्यात काम करीत. दक्षिणेच्या उघड्या माळावर ते निभावलेही. पण १८१९ मध्ये एव्हरेस्टला कृष्णा आणि गोदावरी यांच्यामधल्या दाट जंगलात धाडले गेले, तेही याच हंगामात.

स्वच्छ हवेचा तो हंगामच तापाचाही हंगाम होता. मलेरिया डासामुळे पसरतो हे रोनाल्ड रॉसने दाखवले १८९७ मध्ये. एव्हरेस्टच्या काळात जंगलाची हवाच विषारी असते असे धरून चालत. सुरुवातीलाच निजामाच्या शिपायांनी काम सोडून जाण्याचा प्रयत्न केला. एव्हरेस्टने त्यांच्यावर बंदुका रोखायला लावल्या आणि म्होरक्यांना सर्वांदेखत फटके दिले. इतिहासकार हा प्रसंग त्याच्या करारीपणाचा पुरावा म्हणून सांगतात. मला नेहमी वाटते, त्या शिपायांना भाद्रपद-अश्विनातले जंगल साहेबापेक्षा जास्त कळत असावे.

त्यानंतर ताप आला. एव्हरेस्ट पडला, त्याचा सोबती डॉक्टर आणि भूगर्भतज्ज्ञ व्हॉयसी पडला आणि जवळपास दीडशे माणसांचा अख्खा तळ आडवा झाला. त्यांना उचलून आणायला हैदराबादहून हत्ती, डोल्या, पालख्या पाठवाव्या लागल्या. काही जण परत पोचलेच नाहीत. एव्हरेस्टचा ताप किती दिवस टिकला, कुठे उलटला, हे सारे नोंदले गेले. त्या झेंडेवाल्यांची, हमालांची, खलाशांची नावे मला कुठल्या पुस्तकात सापडली नाहीत. बँकेत एका पैशाचा फरक राहिला तरी रात्री दहापर्यंत ताळा जुळवीत बसणाऱ्या माणसाला ही रिकामी जागा फार खुपते.

एवढे झाल्यावर शहाणपण यावे की नाही? १८२० च्या जूनमध्ये तो त्याच रानात परतला आणि पुन्हा तापला. आता मात्र प्रकृती सुधारण्यासाठी त्याला हवापालट घ्यावा लागला, तो थेट आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप ऑफ गुड होपला. तिथेही हा गृहस्थ स्वस्थ बसला नाही. १७५० च्या दशकात लाकाय नावाच्या फ्रेंच ज्योतिर्विदाने केपमध्ये पृथ्वीची वक्रता मोजली होती आणि त्या आकड्यांवरून दक्षिण गोलार्ध उत्तरेपेक्षा वेगळ्याच आकाराचा निघत होता. एव्हरेस्टने ती ठिकाणे हिंडून पाहिली. मोजणीच्या टोकांजवळचे डोंगर ओळंब्याला आपल्याकडे ओढत असणार, असे त्याने दाखवून दिले. पृथ्वीचा आकार ठीकच होता, ओळंबा तेवढा डोंगराकडे झुकला होता. पुढे केपमधल्या नव्या मोजणीने त्याच्या म्हणण्याला दुजोरा दिला.

तो परतला आणि मुंबईच्या दिशेने त्रिकोणांची मालिका नेऊ लागला. इकडे सत्तरीच्या घरातला लॅम्टन हैदराबादहून नागपूरला निघाला होता. जानेवारी १८२३ मध्ये वाटेतच, आपल्या हिंगणघाटला, त्याचा अंत झाला. त्याची कबर तिथेच आहे. नागपूरहून दक्षिणेला जाणाऱ्या किती गाड्यांतून मी हिंगणघाट ओलांडले असेल, पण तिथे उतरून ती पाहावी हे सुचायला मला निवृत्त व्हावे लागले.

काम आता एव्हरेस्टच्या गळ्यात पडले. एलिचपूर म्हणजे आजच्या अचलपूरच्या परिसरातून त्याने सातपुडा ओलांडला आणि मध्य भारतातल्या सिरोंजपर्यंत मजल मारली. या काळात जुन्या तापाने त्याचे हातपाय लुळे पडले होते. दोन माणसे त्याला यंत्रासमोर बसवीत आणि उचलून बाहेर काढीत. कोन घेताना डावा हात दुसऱ्या कोणीतरी धरून ठेवावा लागे. अशा अवस्थेत घेतलेले कोन बरोबर आले. १८२५ मध्ये तो उपचारांसाठी इंग्लंडला गेला आणि १८३० मध्ये सर्व्हेअर जनरल होऊन परतला.

त्याने केलेला सर्वांत मोठा बदल कागदावर अगदी किरकोळ दिसतो. दिवसाचे झेंडे सोडून त्याने रात्रीच्या दिव्यांवर भर दिला. रात्री जमिनीलगतची हवा गार होते, त्यामुळे प्रकाशकिरण थोडा वाकतो आणि दिवसा क्षितिजाआड लपलेले ठाणे वर उचलल्यासारखे दिसते. मातीच्या भांड्यात तेलाचा दिवा ठेवायचा आणि कोसच्या कोस दूर बसून त्याचा कोन घ्यायचा. आता हवा धुवून काढायला पावसाची गरज उरली नाही. काम कोरड्या दिवसांत सरकले आणि त्याबरोबर तापाचे महिनेही टळले. मला विचाराल तर त्याचे खरे स्मारक ही दिव्यांची ओळ. भाच्याला हे सांगत होतो तेव्हा अंगणात पणत्या लागल्या होत्या, म्हणून उदाहरण शोधावे लागले नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो. गंगा-यमुनेच्या सपाट मुलखात डोंगरच नव्हते, म्हणून त्याने उंच मनोरे बांधले. मसुरीजवळ घर घेतले. हाताखालच्यांना त्याने फार छळले, भांडणेही भरपूर केली. राधानाथ सिकदार हा बंगाली तरुण गणिती मात्र दुसऱ्या खात्यात जाऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा केला. कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंतची सुमारे २,४०० किलोमीटरची मोजणी १८४१ मध्ये पुरी झाली. १८४३ मध्ये तो निवृत्त झाला, छप्पन्नाव्या वर्षी बोहल्यावर चढला आणि सहा मुलांचा बाप झाला. निवृत्तीनंतरचा उत्साह म्हणतात तो हाच!

हिमालयातल्या पंधराव्या क्रमांकाच्या शिखराची उंची २९,००२ फूट म्हणून १८५६ मध्ये जाहीर झाली आणि त्याचा वारस अँड्र्यू वॉ याने त्याला गुरूचे नाव सुचवले. एव्हरेस्टनेच हरकत घेतली. हे नाव हिंदीत लिहिता येणार नाही, इथल्या लोकांना उच्चारता येणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. तरीही १८६५ मध्ये ते कायम झाले आणि वर्षभराने, १ डिसेंबर १८६६ रोजी, तो वारला.

त्याचे नाव लाभलेले शिखरही महिना पाहूनच माणसाला वर येऊ देते. हिवाळ्यातले भन्नाट वारे ओसरतात आणि मोसमी पाऊस अजून पोचलेला नसतो, अशा मे महिन्यातल्या मोजक्या दिवसांची गिर्यारोहक वाट पाहतात. तेनसिंग आणि हिलरी पोचले २९ मे १९५३ रोजी, आपले सुरेंद्र चव्हाण १८ मे १९९८ रोजी. १९२२ मध्ये ब्रिटिश तुकडीने ताज्या हिमवर्षावानंतर ७ जूनला पुन्हा चढाई केली. हिमकडा कोसळून सात जण गेले. सातही जण ओझी वाहणारे.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग त्या सातांची तरी नावे कुठे लिहून ठेवली आहेत का, असे त्याने विचारले. आहेत, मी म्हटले. रात्री जेवण झाल्यावर त्याने फोन काढला आणि कचेरीतल्या कुणाला तरी फेब्रुवारीत रजा मिळेल का म्हणून विचारू लागला. बहिणीने ते ऐकले आणि माझ्याकडे रागाने पाहिले. तिला वाटले होते, मी त्याला जाऊ नको म्हणून सांगत होतो.