एनसीसी घडवणारा माणूस कधी फौजेत नव्हता!

कॉलेजची ॲडमिशनं आटोपली की मैदानावर एनसीसीच्या निवडीला गर्दी होते. पोरं धावतात, उंची मोजून घेतात, लाल तुऱ्याच्या टोपीची स्वप्नं बघतात. घरी मात्र आईला घोर लागतो, पोराला आता थेट बॉर्डरवर नेणार की काय! तर मंडळी, या शंकेचं उत्तर १९४८ च्या कायद्यातच आहे. तो कायदा ज्यांच्या समितीमुळे आला ते पंडित हृदयनाथ कुंझरू. दिल्लीत फार मोठं नाव, आपल्या गावांत मात्र क्वचितच ऐकलेलं.

कुंझरूंचा जन्म १ ऑक्टोबर १८८७ चा. घराणं काश्मिरी पंडितांचं. वडील अयोध्यानाथ काँग्रेसचे सुरुवातीचे पुढारी, पण ते वारले तेव्हा हृदयनाथ जेमतेम चार वर्षांचे होते. पुढे शिक्षण झालं, लग्न झालं आणि थोड्याच वर्षांत बायको वारली. दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात काढलेल्या भारत सेवक समाजात ते १९०९ ला दाखल झाले. या संस्थेत शिरायचं म्हणजे पैसा कमवायचा विचार सोडायचा, मिळेल त्या थोड्या मानधनात भागवायचं. कुंझरूंनी ते जन्मभर पाळलं. म्हणजे माणूस उत्तरेचा, पण घडला पुण्याच्या संस्थेत.

त्या काळी आपल्या देशात स्काऊट होते, पण ते सुरू झाले गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियन पोरांसाठी. आपल्या पोरांना दार बंद! मग १९१८ मध्ये अलाहाबादला पंडित मदनमोहन मालवीय, श्रीराम बाजपेयी आणि कुंझरू यांनी सेवा समितीचे स्वतःचे स्काऊट उभे केले. पुढे १९५० मध्ये वेगवेगळ्या संघटना एकत्र होऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स झाली, तिचे पहिले राष्ट्रीय आयुक्तही तेच.

इंग्रजांच्या राज्यात कॉलेजांत लष्करी कवायतीची पथकं होती खरी, पण मोजक्या पोरांपुरती. शाळकरी पोरांना, मुलींना तिथं काय जागा असणार? १९४६ मध्ये कुंझरूंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मार्च १९४७ मध्ये तिचा अहवाल आला. मध्येच फाळणी झाली, काश्मीरची लढाई पेटली, तरी कागद अडकला नाही. एप्रिल १९४८ मध्ये कायदा झाला आणि जुलैमध्ये एनसीसी सुरू झाली. पुढच्याच वर्षी मुलींचा विभागही आला. सुरुवातीला वीस हजारांच्या आसपास कॅडेट होते.

आता आईच्या शंकेचं. कॅडेटवर लढाईला जायची सक्ती नाही, असं कायद्यात स्पष्ट आहे. त्याच वर्षी टेरिटोरियल आर्मीचाही कायदा झाला, त्याच्याशी लोक गल्लत करतात. टेरिटोरियलमधला माणूस एरवी आपली नोकरी-धंदा सांभाळतो, पण बोलावणं आलं की वर्दी चढवून जावं लागतं. एनसीसीत तसं नाही. शिकायचं, कॅम्प करायचे, परीक्षा द्यायची. फौजेत जायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं. जायचं असेल तर सर्टिफिकेटचे भरतीत जादा गुण मिळतात, ते वेगळं.

चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये कॉलेजच्या पोरांना एनसीसी सक्तीची केली होती. आकडा फुगला, पण मनाविरुद्ध उभं केलेलं पोर परेडला कसं चालतं हे कुठल्याही मास्तराला विचारा. १९६८ मध्ये सक्ती उठली आणि गाडी पुन्हा आपखुशीच्या रुळावर आली. हे बघायला कुंझरू हयात होते.

आपल्या जुन्या माणसांचा त्यांच्यावर रागही असेल. राज्य पुनर्रचना आयोगाच्या तीन सदस्यांपैकी ते एक. त्या आयोगानं १९५५ मध्ये गुजराती-मराठी द्विभाषिक मुंबई राज्य आणि वेगळा विदर्भ सुचवला, आणि संयुक्त महाराष्ट्राची लढाई पेटली. तो राग खोटा नव्हता. पण त्यावरून एनसीसीचं काम पुसलं जाऊ नये, असं आम्हाला वाटतं.

१९६८ मध्ये त्यांना भारतरत्न देऊ केलं होतं. असे किताब नकोत अशी भूमिका त्यांनी घटना समितीतच घेतली होती, म्हणून त्यांनी ते घेतलं नाही. ३ एप्रिल १९७८ ला वयाच्या नव्वदीत ते गेले. आज एनसीसीचे कॅडेट काही लाखांत आहेत.