गोदावरीच्या पाण्याचा हिशेब मांडणारा नेता
शंकरराव चव्हाण, जायकवाडी आणि जालना जिल्ह्याचा डावा कालवा

जालना, प्रतिनिधी - अंबड, घनसावंगी आणि परतूर तालुक्यांतून जाताना रस्त्याला जायकवाडीचा डावा कालवा ठिकठिकाणी आडवा येतो. कालव्याच्या एका अंगाला उसाचे फड आणि मोसंबीच्या बागा, तर चढाच्या अंगाला पावसाच्या भरवशावरची कपाशी, असे चित्र अनेक गावांत दिसते. पाणी किती उंचीवरून कुठे वाहते, यावर येथील शेतकऱ्याचे भवितव्य ठरले. ही रेषा ज्यांच्या आग्रहामुळे जमिनीवर उमटली, ते माजी मुख्यमंत्री डॉ. शंकरराव चव्हाण यांची १४ जुलै ही जयंती.

शंकररावांचा जन्म १९२० मध्ये पैठणला झाला. मद्रास विद्यापीठाची बी. ए. आणि उस्मानिया विद्यापीठाची कायद्याची पदवी त्यांनी मिळवली. परंतु वकिलीच्या स्थिर आयुष्याऐवजी ते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरले. संस्थान मुक्त झाल्यानंतर नांदेड ही त्यांची कर्मभूमी झाली. १९५२ च्या पहिल्याच विधानसभा निवडणुकीत त्यांना पराभव पत्करावा लागला. पुढे नांदेडचे नगराध्यक्षपद आणि द्वैभाषिक मुंबई राज्यातील उपमंत्रिपद, अशी त्यांची वाटचाल झाली. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर साठच्या दशकात पाटबंधारे व वीज हे खाते त्यांच्याकडे आले आणि त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली.

जायकवाडीचे धरण पैठणला

गोदावरीवर मोठे धरण बांधण्याचा विचार हैदराबाद संस्थानाच्या काळापासूनच सुरू होता. बीड जिल्ह्यातील जायकवाडी या गावाजवळची जागा त्यासाठी पाहण्यात आली होती. राज्य पुनर्रचनेनंतर नव्याने पाहणी होऊन धरणाची जागा नदीच्या वरच्या अंगाला, पैठणला सरकली. जागा बदलली, नाव मात्र जुनेच राहिले. पैठणच्या धरणाला जायकवाडी का म्हणतात, या नव्या पिढीच्या प्रश्नाचे उत्तर या इतिहासात आहे.

त्या काळी वादाचा मुद्दा धरणाच्या आकारमानाचा होता. नाशिक आणि नगर जिल्ह्यांतील धरणे व कालवे आधीपासून गोदावरीचे पाणी वापरत होते. एवढे मोठे धरण भरेल एवढे पाणी नदीत उरते का, अशी शंका घेतली जात होती. शंकररावांनी मोठ्या धरणाचा आग्रह सोडला नाही. मराठवाड्याला आपला वाटा अडवायचा असेल, तर तो याच ठिकाणी अडवावा लागेल, अशी त्यांची भूमिका होती. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी प्रकल्पाचे उद्घाटन केले, तेव्हा राज्याच्या मुख्यमंत्रिपदी पैठणचेच सुपुत्र शंकरराव होते.

सुमारे १० किलोमीटर लांबीचे मातीचे धरण, २७ दरवाजे आणि २,९०९ दशलक्ष घनमीटर साठवणक्षमता असा या नाथसागराचा पसारा आहे. त्यापैकी २,१७१ दशलक्ष घनमीटर साठा उपयुक्त मानला जातो. उजवा कालवा १३२ किलोमीटरचा, तर जालना व परभणीकडे जाणारा डावा कालवा २०८ किलोमीटरचा आहे.

पाण्यापासून वीज कशी होते?

धरण म्हटले की वीज आलीच, असा सर्वसाधारण समज असतो. तो पूर्ण खरा नाही. जलविद्युत निर्मितीचे तत्त्व साधे आहे. उंचावर साठवलेले पाणी मोठ्या पोलादी नळांतून खाली सोडले जाते. त्याच्या दाबाने जलचक्र, म्हणजेच टर्बाईन फिरते. टर्बाईनच्या दांड्याला जोडलेल्या जनित्रात चुंबकीय क्षेत्र आणि तांब्याची वेटोळी यांच्यातील सापेक्ष गतीमुळे वीज उत्पन्न होते. किती वीज मिळणार, हे दोनच गोष्टींवर ठरते. एक म्हणजे पाण्याचे प्रमाण आणि दुसरी म्हणजे ते किती उंचीवरून पडते ती उंची.

सह्याद्रीच्या माथ्यावरचे कोयनेचे पाणी पोफळीच्या वीजगृहात पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली उतरते. तिथे एक घनमीटर पाण्यापासून साधारण एक युनिटहून थोडी अधिक वीज मिळते. पठारावरच्या संथ गोदावरीला अशी उडी नाही. उंची ३० मीटर धरली, तर एका युनिटसाठी सुमारे १४ घनमीटर पाणी खर्ची पडते. म्हणजे १२ मेगावॉटचा संच तासभर चालवायचा, तर १ लाख ६८ हजार घनमीटर पाणी लागेल. कालव्यातील गळती बाजूला ठेवली, तर तेवढ्याच पाण्यात सव्वादोनशे हेक्टर रानाला साडेसात सेंटिमीटरची एक पाळी देता येते. मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण भागात वीज की पीक, हा प्रश्न असा थेट उभा राहतो.

पैठणच्या वीजगृहाने त्यावर उपाय शोधला. येथील १२ मेगावॉटचा संच दोन्ही दिशांनी फिरणारा आहे. मागणी जास्त असताना धरणाचे पाणी त्यातून खाली येते व वीज तयार होते. हे पाणी खालच्या बाजूला बंधाऱ्यात अडवले जाते. रात्री मागणी उतरली, की हाच संच उलटा फिरतो, जनित्राची मोटार होते, टर्बाईनचा पंप होतो आणि पाणी पुन्हा धरणात चढवले जाते. पाणी चढवण्यासाठी लागणारी वीज निर्माण झालेल्या विजेपेक्षा जास्त असते. तरीही हा व्यवहार तोट्याचा ठरत नाही. परळीसारखे कोळशावरचे केंद्र रात्रीपुरते बंद करून पहाटे लगेच सुरू करता येत नाही. त्याची रात्रीची वाया जाणारी वीज पाण्याच्या रूपाने साठवायची आणि ऐन मागणीच्या वेळी परत मिळवायची, असे हे गणित आहे. शेतीच्या वाट्याचे पाणीही त्यामुळे शाबूत राहते.

जालना जिल्ह्यातून वाहत जाणाऱ्या पूर्णा नदीवर जिंतूर तालुक्यात येलदरी धरण आहे. तेथे साडेसात मेगावॉटचे तीन संच, म्हणजे एकूण साडेबावीस मेगावॉटचे वीजगृह आहे. मराठवाड्याच्या जलविद्युतेची मर्यादा या आकड्यांतूनच स्पष्ट होते.

शिस्तीचा हेडमास्तर

प्रशासनातील कडक शिस्तीमुळे शंकररावांना राजकीय वर्तुळात हेडमास्तर म्हटले जाई. १९७५ ते १९७७ आणि १९८६ ते १९८८ असे दोनदा ते मुख्यमंत्री झाले. पहिल्या कारकिर्दीचा मोठा काळ आणीबाणीचा होता आणि त्या पर्वावरील टीकेपासून तेही सुटले नाहीत. केंद्रात त्यांनी गृह, संरक्षण, अर्थ, शिक्षण व नियोजन ही खाती सांभाळली. नांदेडजवळच्या विष्णुपुरी उपसा सिंचन प्रकल्पाला त्यांचेच नाव देण्यात आले आहे. पैठणला पाणी वीज देते. विष्णुपुरीत विजेच्या बळावर पाणी उचलून शेताकडे नेले जाते.

दुसऱ्या कारकिर्दीत त्यांनी आठमाही सिंचनाचे धोरण पुढे आणले. बारमाही उसाने थोड्यांचेच शिवार भिजते, आठ महिन्यांच्या पिकांनी तेच पाणी अधिक शेतकऱ्यांपर्यंत पोचते, असा त्यामागचा विचार होता. प्रत्यक्षात कालव्याच्या काठी ऊस वाढला. अंबड तालुक्यातील अंकुशनगरच्या समर्थ सहकारी साखर कारखान्यासारख्या संस्थांमुळे या भागात पैसा आला, रोजगार आला. मात्र कालव्याच्या शेपटाकडील गावांची पाण्याची प्रतीक्षा संपली नाही.

अपुरा राहिलेला हिशेब

नाथसागराने शंभराहून अधिक गावांना विस्थापित केले. पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासे या तालुक्यांतील काळ्या कसदार जमिनी पाण्याखाली गेल्या. मराठवाड्याच्या सिंचनाची किंमत या कुटुंबांनी मोजली आणि त्यांच्या पुनर्वसनाच्या तक्रारी पुढे दीर्घकाळ चालल्या. शंकररावांच्या कर्तृत्वाचे मोजमाप करताना ही बाजू वगळता येत नाही.

धरण भरण्याविषयीची जुनी शंकाही अधूनमधून खरी ठरते. वरच्या भागात धरणे वाढली आणि तुटीच्या वर्षी पाणी खाली येईनासे झाले. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले. तरीही वरच्या धरणांतून पाणी सोडताना नाशिक व अहिल्यानगर विरुद्ध मराठवाडा असा संघर्ष न्यायालयापर्यंत गेला. २०१६ च्या उन्हाळ्यात नाथसागराचा उपयुक्त साठा संपला होता. अशा वेळी वीजनिर्मितीचा विचारही करता येत नाही. जालना शहरासह जायकवाडीवर विसंबलेल्या शहरांच्या पिण्याच्या पाण्याचीच चिंता असते.

२६ फेब्रुवारी २००४ रोजी शंकररावांचे मुंबईत निधन झाले. मोठे धरण बांधण्याचा त्यांचा आग्रह तडीस गेला. त्या धरणात दरवर्षी हक्काचे पाणी यावे आणि आलेले पाणी कालव्याच्या शेवटच्या शेतापर्यंत पोचावे, ही जबाबदारी मात्र त्यांच्यानंतरच्या पिढीवर येऊन पडली आहे.